अँडच्या आधीची टकटक

आमच्या जेवणाच्या टेबलाला एका कोपऱ्यात छोटासा खळगा आहे. घरी पहिल्यांदा आलेला माणूस त्यावर बोट फिरवतो आणि विचारतो, "इथे काय पडलं होतं हो?" काही पडलं नव्हतं. तिथे आत्या बसायची. आमच्यापैकी कोणी इंग्रजी वाचताना चुकलं की ती पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टेबलावर दोनदा वाजवायची. टक टक. इतकी वर्षं एकाच जागी मार खाल्ल्यावर लाकूड तरी काय करणार? आई अधूनमधून म्हणते, आता हे टेबल बदलूया. मी लगेच भांडायला उठते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमची बिशाद नव्हती. आमच्याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत ती राहायची. तिच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि बाकी सगळा कागद. ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची. इंग्रजी व्याकरणाची शाळकरी पुस्तकं, यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका, औषधांच्या खोक्यातले घडी घातलेले कागद, असं सगळं तिथे छापलं जायचं. जे कागद आपण न वाचता फेकून देतो ते आत्या डोळ्यांत तेल घालून वाचायची, आणि त्याचा तिला पगार मिळायचा. लहानपणी मला ही जगातली सर्वांत मजेशीर नोकरी वाटायची.

शाळेला सुट्टी असली की आत्या मला कधीकधी छापखान्यात घेऊन जायची. तळमजल्यावर यंत्रं धडधडत, त्यामुळे वरच्या मजल्याची फरशी पायाखाली सतत थरथरत असायची. शाईचा वास कपड्यांना लागला की धुतल्यावरही जात नसे. वर काचेच्या भिंतीमागे लांबट टेबलं, आणि प्रत्येक टेबलाशी समोरासमोर दोन माणसं. एकाच्या हातात लेखकाचा मूळ मजकूर, दुसऱ्यासमोर छापलेलं प्रूफ. पहिल्याने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकता ऐकता तपासायचं. वाचणाऱ्याने आवाजात चढउतार करायचे नाहीत, थांबायचं नाही, अर्थ कळू द्यायचा नाही. आत्या म्हणायची, "आवाजात भाव आला की कान लाडावतो. मग तो नसलेलंही ऐकतो." म्हणून सगळे बाजारातला भावफलक वाचावा तसं सपाट वाचत. पूर्णविरामाला श्वास घ्यायचा. स्वल्पविराम आला की पेन्सिलीने टेबलावर एक टक. आणि ऐकणाऱ्याला चूक सापडली की त्याने दोनदा वाजवायचं. टक टक झालं की वाचणारा वाक्याच्या मधोमध, शब्द तोंडात अर्धा असला तरी, थांबलाच पाहिजे. अशी आठदहा टेबलं एकाच वेळी वाजत असायची. कुणाचं कुणाला कसं कळायचं हे मला आजही उमगलेलं नाही.

आत्याच्या समोर खर्जकाका बसायचे. हे नाव मी ठेवलेलं. त्यांचा आवाज इतका खोल होता की ते "गुड मॉर्निंग" म्हणाले तरी तळमजल्यावरचं एखादं यंत्र सुरू झाल्यासारखं वाटायचं. माणूस मात्र लाजाळू. आत्या त्यांना "अहो" म्हणायची आणि ते तिला "बाई". मी एकदा आगाऊपणे विचारलं, "तुम्ही दोघं दिवसभर एवढं बोलता, मग घरी जाऊन कंटाळा येत नाही बोलायचा?" खर्जकाका लाल झाले. आत्या म्हणाली, "आम्ही कुठे बोलतो? आम्ही वाचतो."

आणि ते खरं होतं. एक वाचून थकला की दुसरा वाचायचा, दुपारी डबा खाऊन पुन्हा वाचायचं. भांडणसुद्धा त्यांचं कागदावरूनच. तीन वस्तू ओळीने आल्या तर शेवटच्या अँडच्या आधी स्वल्पविराम असावा असं खर्जकाकांचं ठाम मत. आत्याला तो उधळेपणा वाटायचा. छापखान्याचा नियम आत्याच्या बाजूने होता, म्हणून खर्जकाका नियम पाळायचे, पण असं वाक्य आलं की टक करण्याच्या जागी पेन्सिल हवेतच हलवायचे. आत्या हसू दाबायची. एवढाच काय तो त्यांचा वाद, आणि तो निवृत्त होईपर्यंत पुरला.

घरी आली तरी आत्याच्या हातातली पेन्सिल सुटायची नाही. मी टेबलाशी बसून गृहपाठ वाचून दाखवायचा आणि तिने भाजी निवडता निवडता ऐकायचं. मी तेव्हा अँड दिसला की त्याच्या आधी स्वल्पविराम ठोकून द्यायची. लिहिलेलं भारदस्त दिसायचं. एक दिवस आत्याने भाजीची परात बाजूला सारली.

"इकडे बघ," ती म्हणाली. "अँडच्या अलीकडे एक कर्ता आहे, त्याचं क्रियापद आहे. पलीकडे दुसरा कर्ता आहे, त्याचं क्रियापद आहे. म्हणजे किती घरं झाली?"

"दोन."

"दोन चुली झाल्या. दोन चुली असल्या की मध्ये भिंत हवी. ती भिंत म्हणजे स्वल्पविराम. बट असो, सो असो, ऑर असो, तोच कायदा. आता हे तुझं वाक्य. 'माय आँट टुक द बिस्किट अँड एट इट.' इथे पलीकडे कोण आहे?"

"तूच."

"मग? मीच घेतलं, मीच खाल्लं. पलीकडे वेगळा कर्ता नाही. एकाच चुलीवरचं आहे सगळं. तिथे भिंत कशाला घालतेस?"

"आणि दोन्ही घरं अगदीच छोटी असतील तर?"

"तर भिंत नसली तरी चालतं. शेजारी एकमेकांना ऐकू येतात तेवढ्यावर." मग तिने माझी वही जवळ ओढली. "आणि मी तुझं बिस्किट खाल्लेलं नाही. ते आधी दुरुस्त कर."

बाबांना ही टकटक अजिबात खपायची नाही. बाबा खुर्च्या आणि सोफे मढवायचे. दुकानात दिवसभर चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकणं, स्प्रिंगा बांधणं, कापड ताणून पुन्हा चुका ठोकणं. ओठांत चुका धरायच्या सवयीमुळे ते घरीही तोंड मिटून बोलायचे. शाळा त्यांनी लवकर सोडली होती, इंग्रजी म्हणजे कापडाच्या ताग्यावर छापलेलं असेल तेवढंच. संध्याकाळी ते हातपाय धुऊन जेवायला बसत आणि नेमकी तेव्हा माझी आणि आत्याची शिकवणी रंगात आलेली असायची.

"ताई," बाबा म्हणायचे, "दिवसभर मी हातोडी ऐकतो. घरात तरी हातोडी नको."

"ही हातोडी नाही, बाळ. ही पेन्सिल आहे."

"माझ्या डोक्यात हातोडीच वाजते."

आत्या पेन्सिल खाली ठेवायची आणि बोटाच्या नखाने टकटक करायची. बाबा ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन जेवायचे. आई मध्ये पडायची नाही. "वन्सं आणि हे, दोघांच्या भांडणात मी नाही," म्हणून कानावर हात ठेवायची. हे असं माझं सगळं लहानपण चाललं, आणि मला आज विचाराल तर त्याच्याइतकं सुखाचं दुसरं काही मला आठवत नाही.

पुढे छापखान्यात संगणकाचे पडदे आले. मजकूर पडद्यावर, तपासणं पडद्यावर, आणि मोठ्याने वाचायची गरज कुणालाच राहिली नाही. जोड्या मोडल्या. आत्या म्हणायची, आता वरच्या मजल्यावर पाऊल ठेवलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, सगळे गप्प. ती आणि खर्जकाका एकाच महिन्यात निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी दोघं जिन्याच्या तोंडाशी बराच वेळ उभे होते, आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. शेवटी खर्जकाका म्हणाले, "बरं बाई," आणि आत्या म्हणाली, "बरंय." त्यानंतर त्यांची भेट नाही. एवढी वर्षं समोरासमोर बसलेली माणसं अशी वागू शकतात, याचा मला तेव्हा फार राग आला होता.

आत्याला झटका आला तेव्हा मी नोकरीला लागून बराच काळ झाला होता. सकाळी चहा घ्यायला ती बाहेर आली नाही म्हणून आई बघायला गेली, तर ती खाटेखाली पडलेली. उजवी बाजू गेली होती आणि वाचा पूर्ण बंद. दवाखान्यात ती डोळे मिटून पडून राहायची. हाक मारली तरी ओ नाही, बघणं नाही. मी बडबड केली, आईने केली. बाबा नुसते तिच्या पायांवरचं पांघरूण ओढून सारखं करत बसायचे, खुर्चीला कापड ताणावं तसं.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. "त्यांना किती समजतंय हे आम्हाला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "समजत असेल तर घरी न्या. माणसांत राहिल्या तर थोडंफार परत मिळवतील. समजत नसेल तर मात्र तुमच्या घरी त्यांचे हाल होतील, तुमचेही. मग शुश्रूषागृहात ठेवलेलं बरं." ते शुश्रूषागृह गावाबाहेर होतं. मी जाऊन पाहून आले होते. स्वच्छ होतं, माणसंही चांगली होती. एका ओळीत खाटा, आणि प्रत्येक खाटेवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलेलं. तिथे खाट रिकामी झाली होती, त्यांना या आठवड्यात उत्तर हवं होतं, आणि उत्तर द्यायचं होतं बाबांना.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, आईचे गुडघे गेलेले, मी दिवसभर बाहेर. सगळ्या बाजूंनी एकच उत्तर निघत होतं. बाबा ते तोंडाने म्हणत नव्हते एवढंच. मी त्यांना म्हटलं, "तिला सगळं कळतंय, मला माहितीये." ते म्हणाले, "कशावरून?" मी नुसती चिडले.

त्याच दुपारी खर्जकाका आले. कुणाकडून कळलं कोण जाणे. पार वाकले होते, हातात काठी, पण आवाज तोच. खोलीत शिरून "बाई," म्हणाले तर खिडकीची काच हलली. आत्या तशीच पडून. ते खुर्चीवर बसले. मग माझ्याकडे केविलवाणं बघून म्हणाले, "मला बाईंशी काय बोलायचं ते येत नाही गं. आम्ही कधी बोललोच नाही."

मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. उशाशी दवाखान्याचं माहितीपत्रक पडलं होतं, भेटायला येणाऱ्यांसाठी इंग्रजीत छापलेलं. त्यांनी ते उचललं, डोळ्यांजवळ धरलं, आणि वाचायला लागले. सपाट. न थांबता. एक हात आपोआप खाटेच्या लोखंडी कठड्यावर गेला.

"द लिफ्ट इज फॉर पेशंट्स," टक, "बट व्हिजिटर्स मे यूज द स्टेअर्स." श्वास. "व्हिजिटर्स मस्ट साइन द रजिस्टर अँड वेअर अ बॅज." श्वास.

बाबा दाराशी उभे होते. त्यांच्या कपाळावर ती जुनी शीर उभी राहिली. टकटक त्यांना दवाखान्यातही सहन होत नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाला गप्प कसं बसवणार, म्हणून ते तसेच उभे राहिले.

"द कँटीन क्लोजेस अर्ली बट टी इज अव्हेलेबल ऑन..."

टक टक.

खर्जकाका थांबले. शब्द तोंडात तसाच, पुढचा शब्द नाही. जुनी सवय. त्यांनी कागद नाकाला लावून पाहिला. "खरंच की," ते पुटपुटले, "बटच्या आधी काहीच नाही. दोन वेगळी वाक्यं, आणि मध्ये काही घातलेलंच नाही यांनी." हे बोलून झाल्यावर त्यांना कळलं की टकटक कुणी केली. कागद त्यांच्या हातातून गळून पडला.

आत्याचा डावा हात कठड्यावर होता.

मी ओरडत सुटले. परिचारिका आली, डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कधीकधी बोटं आपोआप हलतात. मी खोटी आशा लावणार नाही." बाबाही म्हणाले, "दिवसभर हलतंच तिचं बोट." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. खर्जकाका मात्र शांत झाले होते. त्यांनी कागद मागून घेतला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी बटच्या आधी स्वतःच टक करून. आत्या स्वस्थ. मग त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याच सपाट आवाजात वाचलं, "व्हिजिटर्स मस्ट साइन द रजिस्टर," टक, "अँड वेअर अ बॅज."

टक टक. जोरात. आणि आत्याने डोळे उघडले. तिच्या दोन भुवयांमध्ये आठी पडली होती. तिथे भिंत घातल्याबद्दल.

डॉक्टरीणबाई काहीतरी विचारत होत्या, कशाचा कशाशी संबंध, कुठला नियम. बाबांना त्या नियमाचा गंध नव्हता. ते पुढे आले आणि वाकून आत्याच्या कपाळाकडे बघत राहिले.

"ही आठी," ते म्हणाले. "ही मी ओळखतो. मी लहान असताना पाढे चुकलो की हीच आठी. ताई? ताई, ऐकतेयस ना? घरी जायचंय. कुठे पाठवत नाही मी तुला. आपली चूल एकच आहे." म्हणजे शेजारच्या खोलीत जेवता जेवता बाबा आमची शिकवणी सगळी ऐकत होते.

आत्या घरी आली. दुसऱ्या मजल्यावर तिला खुर्चीतून चढवली, आणि ती खुर्ची बाबांनी स्वतः मढवली, उजव्या बाजूला जाड गादी लावून, म्हणजे ती कलंडणार नाही. तिची वाचा काही परत आली नाही. डावा हात चांगला चालायला लागला, डोळे हसायला लागले. खर्जकाका जमेल तसे येऊन वाचायचे, पण त्यांना जिना झेपेना. मग एका सकाळी मी उठून बाहेर आले तर टेबलाशी आत्या, आणि तिच्यासमोर चष्मा लावून बाबा. हातात कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका.

"द... द ड्रम... टर्न्स..."

बाबांसारखा सपाट वाचणारा छापखान्यालाही मिळाला नसता. अर्थच कळत नव्हता, तर भाव कुठून आणणार? उच्चार भयंकर. पहिले कितीतरी दिवस आत्याची टकटक थांबायचीच नाही. 'नाइफ'ला बाबा 'क्नाइफ' म्हणायचे आणि वर मलाच विचारायचे, "के लिहिलाय ना इथे? मग छापला कशाला?" आत्या खांदा हलवून हसायची. हळूहळू बाबा सुधारले. स्वल्पविराम दिसला की पेन्सिलीने टक करायला लागले, बरोबर त्याच खळग्यात. दुकान उशिरा उघडायला लागलं. आई म्हणायची, "अहो, गिऱ्हाईक येऊन परत जातंय." बाबा म्हणायचे, "जाऊ दे. ताईचं एक पान राहिलंय."

आणि मग माझ्या लक्षात आलं की ते मुद्दाम चुकतात. छापलेला स्वल्पविराम दिसायचा, पण तिथे टक करायचे नाहीत. तसेच पुढे जायचे, आणि कान टवकारून बसायचे. टक टक झालं की चेहरा खुलायचा. "सापडली का? सापडली का चूक?" ज्या आवाजापायी हा माणूस ताट उचलून जायचा, तो ऐकायला आता सकाळी सकाळी टेबलाशी येऊन बसायचा. मी दोघांनाही चिडवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

ती शेवटची सकाळसुद्धा तशीच होती. खिडकी उघडी होती, खाली कोणीतरी दुचाकी सुरू करत होतं. आत्याने थोडा चहा घेतला होता आणि खुर्चीत मान टेकून डोळे मिटले होते, नेहमी ऐकताना मिटायची तसे. डावा हात टेबलावर. मी बाबांचा चहा घेऊन आत येत होते.

"द ड्रम टर्न्स स्लोली अँड द वॉटर ड्रेन्स आउट," बाबांनी वाचलं. अँडच्या आधी त्यांनी टक केलं नाही. मान खाली घालून ते वाट बघत बसले, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

काही वाजलं नाही.

दारातूनच मला आत्याचा हात दिसला, आणि मला कळलं. बाबांनी मान वर केली नव्हती.

"ताई, झोप लागली का?" ते म्हणाले. "चूक आहे बघ इथे. मोठी आहे."

मी कप हातात धरून तशीच उभी राहिले.

बाबांनी चष्मा सारखा केला, बोट ओळीवर ठेवलं, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा तसंच चुकीचं.